आबांच्या नावावरचे डोळे

आबांचे डोळे बरे झाले, ही बातमी मोठ्या सुनेने गल्ल्यावर बसून पाव न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. पण बेकरीच्या घरात राहून सासऱ्याला वर्षभर उकडलेल्या भाज्यांवर ठेवणं हे काही खायचं काम नव्हतं, आणि ते आपण करून दाखवलं याचं कौतुक दुसरं कुणी करत नसेल तर माणसाने स्वतःच करून घ्यावं, असं तिचं सरळ मत होतं.

मागच्या वर्षी डोळ्यांच्या दवाखान्यातून आबांचा रिपोर्ट आला होता. साखरेने डोळ्याच्या आतल्या पडद्याला इजा केली आहे, बारीक शिरा जागोजागी पाझरायला लागल्या आहेत, साखर ताब्यात ठेवा आणि काही महिन्यांत पुन्हा दाखवा, असं त्यात म्हटलं होतं. मोठीने साखरेबरोबर आबांनाही ताब्यात घेतलं. लोणी बंद, बिस्किटं बंद, स्कूटर बंद. मिसरूड फुटल्यापासून ज्या भट्टीपुढे आबा उभे राहिले, तिथून निघालेला केक चाखायचीही त्यांना चोरी झाली. चाखण्याचं काम त्यांच्या धाकट्या भावाकडे गेलं. सगळं घर ज्याला काका म्हणतं, त्या या भावाने ते जड अंतःकरणाने स्वीकारलं आणि दोघांच्या वाटणीचं खाल्लं.

काका म्हणजे बेकरीचं नाक. लग्न केलं नाही, त्यामुळे कुणाचा धाक नाही. केकवरची फुलं, वेलबुट्टी आणि नावं त्यांच्या हातची. त्यांच्या हातचं नाव आलं नाही तर वाढदिवस लागू होत नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची, आणि हे वाक्य काका स्वतःच पसरवायचे. डॉक्टरांच्या दारात पाऊल ठेवलं की आजार ओळख काढून मागे येतात, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांनी आयुष्यात कधी रक्त तपासलं नव्हतं.

मोठीने रविवारी दुपारी सगळ्यांना जेवायला एकत्र बोलावलं होतं. निमित्त आबांच्या डोळ्यांचं, मान तिचा.

धाकट्या सुनेला मात्र शनिवारपासूनच ते निमित्त खरं वाटत नव्हतं.

ती त्याच दवाखान्यात नुकती लागली होती. डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढायचं काम. पेशंटने मशिनच्या कठड्यावर हनुवटी टेकायची, कपाळ पट्टीला लावायचं, आतल्या हिरव्या ठिपक्याकडे बघायचं. झगकन उजेड पडतो आणि समोरच्या पडद्यावर नारिंगी रंगाचा एक गोल उमटतो. त्यात एका बाजूला पिवळसर चकती, तिच्यातून निघून सगळीकडे फाटे फुटत गेलेल्या लाल शिरा. वर्षभर नाना सबबी सांगून फेरतपासणी टाळणाऱ्या आबांना घरच्याच सुनेपुढे सबब चालेना, म्हणून ते आले. त्यांचे दोन्ही पडदे लख्ख निघाले. एक डाग नाही. मधुमेह इतका जुना असून असे पडदे म्हणजे नशीबच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. धाकटीने आनंदाने तिथूनच घरी फोन केला, आणि मोठीने फोन ठेवायच्या आत बातमी दुकानात पोचवली.

मागचे फोटो शेजारी लावून बघायचं काम संध्याकाळी राहिलं होतं. धाकटीने ते लावले आणि पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. मागच्या वर्षीच्या फोटोत लाल ठिपके होते, मधोमध पिवळे कण होते, ते सगळं ठीक. ते कमी होऊ शकतं. पण उजव्या डोळ्यात खालची मोठी शीर चकतीतून बाहेर पडताक्षणी दुभंगली होती. आजच्या फोटोत तीच शीर सरळ लांबवर जाऊन मग फुटत होती. डाव्या डोळ्याचीही तीच तऱ्हा. शिरा पाझरतात, सुजतात, पण आपली वाट सोडून दुसरीकडे राहायला जात नाहीत.

तिला आधी वाटलं, दवाखान्यात फोटोंची अदलाबदल झाली. तिने डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी मागच्या वर्षीच्या त्या दिवसाचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. बाकी कुणाच्याच फोटोत गफलत नव्हती. त्या दिवशी आबांच्या नावाने जो माणूस या खुर्चीत बसला होता, त्याचेच हे डोळे होते. फक्त तो आबा नव्हता. डॉक्टरबाई चष्मा काढून म्हणाल्या की तो कोण आहे ते शोध. हे डोळे वर्षभर औषधाविना राहिलेत. कसंही कर, पण त्याला आण.

रविवारी सकाळी धाकटीने आबांना मैद्याच्या कोठीत गाठलं. आबा तिथे पोत्यावर बसून पेपर वाचत. खरं तर तिथे अजून लोण्याचा वास यायचा, आणि वासावर मोठीने बंदी घातली नव्हती. धाकटीने मोबाइलवरचे दोन फोटो त्यांच्यापुढे धरले, शिरा दाखवल्या आणि विचारलं, "आबा, मागच्या वर्षी खुर्चीत कोण बसलं होतं?"

आबांनी पेपराची घडी घातली. मग ती उलगडून पुन्हा घातली. शेवटी त्यांनी कबूल केलं, आणि कबूल करताना त्यांच्या मिशीत हसू मावेना. त्या दिवशी भट्टी दुरुस्त करायला माणूस येणार होता. भट्टी सोडून डोळे कुठे दाखवत बसायचं, म्हणून त्यांनी बारक्याला पाठवलं. बारक्या म्हणजे काका. आपली टोपी, आपला मफलर, आपला कोट घालून पाठवलं. दोघा भावांचं नाक एकच, चाल एकच. बारक्याने तर आबांसारखा खोकून दाखवण्याचाही सराव केला होता. आल्यावर म्हणाला की तिथल्या बाईने मला आजोबा म्हटलं, तेवढं सोडलं तर मजा आली.

"आणि रिपोर्ट वाईट आला तेव्हा?"

तेव्हा, आबा म्हणाले, दोनच वाटा होत्या. एक तर मोठीला खरं सांगायचं, नाही तर गाजरं खायची. मोठीचा चेहरा बघून त्यांनी गाजरं खाल्ली. शिवाय त्यांना वाटलं, फाइलवर मधुमेह लिहिलाय म्हणून डॉक्टरांनी डोळेही खराब लिहून टाकले. डॉक्टर लोक डोळ्यात न बघता लिहितात याचा पुरावा मिळाल्यासारखं वाटून वर्षभर त्यांना आतून एक समाधानही होतं. आता काल त्यांचे स्वतःचे डोळे चांगले निघाले, म्हणजे आणखी गंमत.

"आबा, ते न बघता लिहीत नाहीत," धाकटी म्हणाली. "त्यांनी बघूनच लिहिलं होतं."

हे आबांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला. मिशीतलं हसू तसंच राहिलं आणि वरचे डोळे आधी बदलले. पोत्यावरचा मैदा बोटाने उगाच गोळा करत राहिले. मग हलकेच म्हणाले, "म्हणजे बारक्याला मधुमेह आहे."

धाकटीने मान हलवली. काकांना आजच सांगून उद्या दवाखान्यात न्यायला हवं, असं ती म्हणाली. त्यावर आबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं नव्याने कामाला लागलेल्या माणसाने ओला ट्रे भट्टीत सरकवल्यावर बघावं. बारक्याला सांगितलं तर तो आज रात्रीच आतेबहिणीकडे निघून जाईल, आणि डोळे पूर्ण जाईपर्यंत परत यायचा नाही. लहानपणी दात दुखत होता तेव्हा तो कौलांवर जाऊन बसला होता. बरं, ओढून नेलं तर खुर्चीत डोळे मिटून घेईल.

"मग काय करायचं?"

आबा पोत्यावरून उठले. वर्षभर गाजरं खाल्लेल्या माणसाच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तकाकी आली होती. "स्वतःसाठी तो जायचा नाही," ते म्हणाले. "पण माझ्या जागी जाईल. एकदा गेलाय की."

यात एकच अडचण होती, ती म्हणजे मोठी. तिच्या हातून हे जेवण पार पडायचं होतं, आणि दवाखान्याने आबांना पुन्हा बोलावलंय हे काकांना खरं वाटायला तिच्याच तोंडून यायला हवं होतं. आबांनी हे काम धाकटीवर ढकललं आणि स्वतः अंग काढून घेतलं. स्वयंपाकघर कुणाचं, यावरून थंडीत झालेल्या भांडणापासून दोघी जावा एकमेकींशी मीठ संपलंय एवढ्यापुरतंच बोलत होत्या.

धाकटी आत गेली तेव्हा मोठी आबांसाठी बिनसाखरेचा केक तव्यासारखा सपाट का झाला, याचा विचार करत उभी होती. धाकटीने सगळं सांगितलं. मोठीने ऐकून घेतलं. तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की आपण दुकानभर सांगून बसलोय. दुसरं आलं की वर्षभर पहाटे उठून ज्या भाज्या उकडल्या, त्या ज्याच्या डोळ्यांसाठी उकडल्या तो माणूस समोर बसून क्रीम चाटत होता. आपण चुकीच्या म्हाताऱ्याला उपाशी ठेवलं. तिला सासऱ्याचा राग आला, काकांचा आला, आणि हे शोधून काढणाऱ्या जावेचा सर्वांत जास्त आला.

"तुला मुद्दाम आजच सांगायचं होतं ना," ती म्हणाली.

"वहिनी, तुमच्यामुळे आबांची शुगर खरंच खाली आलीय," धाकटी म्हणाली. "त्यांचे डोळे चांगले राहिलेत, त्यात तुमचा वाटा आहेच. हे मी डॉक्टरबाईंनाही म्हटलं."

वाटा आहे म्हटल्यावर मोठीच्या भांडणातली हवा गेली. मग तिला एकेक आठवू लागलं, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. काकांच्या केकवरच्या ओळी अलीकडे वाकड्या जायच्या. अक्षरं एका बाजूला चढायची. एकदा त्यांनी एकाच पाकळीवर दुसरी पाकळी काढली आणि फूल कोबीसारखं झालं. ती गिऱ्हाईक यायच्या आत सुरीने खरवडून स्वतः नीट करायची. तिला वाटायचं, काका चोरून काही पितात की काय. म्हाताऱ्या माणसाची लाज राखावी म्हणून ती बोलली नव्हती.

हे तिने धाकटीला सांगितलं. धाकटीने तिचे डोळे भरलेले पाहिले आणि नजर केकाकडे वळवली. सरळ रेघ वाकडी दिसणं म्हणजे पडद्याच्या मधोमध सूज, एवढंच ती म्हणाली. वेळ कमी आहे.

मोठीने पदराला हात पुसले. "आपल्याला नेमकं काय बोलायचंय ते सांग," ती म्हणाली. "आणि काकांचा चेहरा मला बघायला मिळाला पाहिजे. तेवढं माझं येणं निघतं त्यांच्याकडे."

जेवणाला दोघे मुलगेही होते. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण दोघांच्याही पोटात काही राहत नसे. मोठीने आबांच्या डोळ्यांबद्दल ठरवलेलं भाषण केलं, टाळ्या घेतल्या आणि बसता बसता म्हणाली की दवाखान्याने उद्या पुन्हा बोलावलंय. एवढा फरक पडलाय की त्यांचा विश्वास बसत नाही, अजून एकदा फोटो काढणार आहेत. मुलगे म्हणाले, काढू देत की. आबा तोंड वाकडं करून म्हणाले, आपण जाणार नाही. आबांचं हे वाकडं तोंड इतकं हुबेहूब होतं की धाकटीलाही क्षणभर वाटलं, हे खरंच जाणार नाहीत.

काकांनी सपाट केकाचा तुकडा तोंडात टाकला आणि आबांकडे पाहून डोळा मारला.

पुढचं सगळं काकांच्या मनासारखंच होत गेलं, निदान त्यांना तसं वाटलं. जेवणानंतर दादाने, म्हणजे आबांनी, त्यांना जिन्याखाली गाठलं आणि विनवलं की बारक्या, एकदा अजून. काकांनी आधी आढेवेढे घेतले, कारण त्याशिवाय गंमत नाही. धाकटी तिथे कामाला आहे, ती ओळखेल, असं ते म्हणाले. दादा म्हणाला की उद्या तिची सुट्टी आहे, दुसरी मुलगी असते. काकांनी मग खिडकीजवळची आरामखुर्ची मागितली. दादाने ती थंडीपुरती देऊ केली. काका म्हणाले, कायमची. दादाने इतक्या पटकन हो म्हटलं की काकांना आणखी काही मागितलं नाही याची चुटपुट लागली.

सोमवारी सकाळी ते दादाची टोपी कानावर ओढून दवाखान्यात गेले आणि दारातच खोकले. ओळखीचं कुणी नव्हतं. डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवलं. थोड्या वेळाने समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर विरघळल्यासारखं झालं. खरं म्हणजे ते आधीही फारसं घट्ट नव्हतं, पण हे काका मनातल्या मनातही म्हणत नसत. मग अंधारी खोली, कठड्यावर हनुवटी, हिरवा ठिपका. ठिपका त्यांना नीट सापडेना. तो बघायला गेलं की मध्येच धूर यायचा. मुलीने दोनदा सांगितलं की सरळ बघा, आणि काका म्हणाले की सरळच बघतोय.

डॉक्टरबाईंच्या खोलीत मागच्या बाजूला सामानाची एक लहानशी खोली होती. तिचं दार किंचित उघडं होतं. आत औषधांच्या खोक्यांमध्ये आबा, मोठी आणि धाकटी असे तिघे उभे होते. मोठीच्या कोपराखाली धाकटीचा खांदा होता आणि आबांना खरोखरचा खोकला येत होता, तो ते मफलर काकांच्या गळ्यात असल्यामुळे मुठीत दाबत होते.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर दोन नारिंगी गोल आणले. त्या एक शब्दही खोटं बोलल्या नाहीत, हे पुढे घरात पुष्कळदा सांगितलं गेलं. त्या म्हणाल्या, "हे मागच्या वर्षीचे डोळे. आणि हे आत्ता काढलेले, त्याच डोळ्यांचे. खालची शीर बघा, तीच आहे."

काकांना शीर दिसली नाही. पण ठिपके वाढलेत हे त्यांना सांगावं लागलं नाही. तांबड्या शाईचे शिंतोडे उडाल्यासारखं दिसत होतं, आणि मधोमध पिवळा चुरा.

डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. साखरेने शिरा पाझरताहेत. मधल्या भागावर सूज आली आहे, तिथूनच आपण वाचतो, माणसं ओळखतो. जे गेलंय ते सगळं परत येईलच असं नाही, पण उरलंय ते राखता येईल. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, मग गरज पडली तर लेझर. उशीर केला तर आंधळेपण येईल. या आठवड्यातच सुरू करायला हवं.

काका हसले. हसणं अर्ध्यावर थांबलं. इंजेक्शन कशात, असं त्यांनी विचारलं. डोळ्यातच, डॉक्टरबाई म्हणाल्या. आधी डोळा बधिर करतो, दुखत नाही.

काकांच्या डोळ्यांपुढे दादा आला. टेबलावर आडवा पडलेला, आणि त्याच्या चांगल्या डोळ्यात कुणीतरी सुई खुपसतंय, आपण केलेल्या चेष्टेपायी. वर्षभर दादा ताटातली गाजरं बघून कसा गप्प बसायचा तेही आलं. तेव्हा आपल्याला हसू यायचं. त्यांनी टोपी काढली.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "दादाच्या डोळ्याला हात लावू नका. त्याला काही झालेलं नाही. हे त्याचे डोळे नाहीत."

"मग कुणाचे आहेत?"

"माझे आहेत," काका म्हणाले. "दोन्ही वेळचे माझेच आहेत."

असं म्हणून ते थांबले. आपण काय बोललो ते त्यांना बोलून झाल्यावर ऐकू आलं. त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. या वेळी ते दादाच्या वतीने बघत नव्हते. हातातली टोपी त्यांनी मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू तीही उठून जाईल.

दार उघडलं. मोठीला काकांचा चेहरा बघायचा होता, तो तिला मिळाला. तिने वर्षभराचं साठवलेलं बोलणं तयार ठेवलं होतं. ते सगळं गिळून तिने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली की चला काका, आधी रक्त तपासून घेऊ, मी आहे बरोबर. काकांनी धाकटीला बघितलं, आबांना बघितलं, खोकी बघितली, आणि सगळा डाव त्यांच्या लक्षात आला. त्यांनी दारापर्यंतचं अंतरही नजरेने मोजलं. पण थेंबांमुळे दार त्यांना दोन ठिकाणी दिसत होतं.

"तुम्ही सगळे लबाड आहात," ते म्हणाले.

"घराणंच आहे आपलं तसं," मोठी म्हणाली, आणि धाकटीला पहिल्यांदाच तिच्याबरोबर हसायला आलं.

रक्तातली साखर पाहून तिथल्या मुलीने पुन्हा एकदा बोटाला सुई टोचली, कारण तिला मशीनवर भरवसा बसेना. मशीन बरोबर होतं. पहिलं इंजेक्शन त्याच आठवड्यात झालं, पुढची ठरावीक अंतराने झाली, आणि प्रत्येक वेळी मोठी आणि धाकटी आळीपाळीने गेल्या. उजव्या डोळ्यातला धूर बराच विरला. डावा डोळा पूर्वीसारखा झाला नाही, पण आहे तिथे थांबला. काका पुन्हा केकवर नावं काढू लागले. लहान अक्षरं मात्र मोठी सून काढते आणि काका शेजारी उभं राहून चुका सांगतात. बिनसाखरेच्या केकाला आता तक्रार करणारे दोन म्हातारे आहेत, त्यामुळे तो जरा फुगायला लागला आहे.

पण हे नंतरचं. त्या सोमवारी दोघे भाऊ पायीच घरी निघाले. सुना मुद्दाम मागे राहिल्या. थेंबांमुळे काकांना रस्त्यावरचं ऊन सोसत नव्हतं, म्हणून त्यांनी दवाखान्यातून दिलेला काळा चष्मा लावला होता आणि आबांचा दंड धरला होता. बराच वेळ ते रुसून चालले. चपलांच्या दुकानापाशी आबांनी त्यांना खड्ड्यापासून बाजूला ओढलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. सरळ सांगता आलं नसतं का, असं त्यांनी विचारलं. आपण काही लहान आहोत का.

आबा म्हणाले, सांगितलं असतं तर तू पळाला असतास.

"ते तुला काय माहीत?"

समोरून हातगाडी येत होती, ती आबांनी जाऊ दिली.

"मागच्या वर्षी त्या दिवशी भट्टी दुरुस्त करायला कुणी येणार नव्हतं, बारक्या," ते म्हणाले. "मीच पळालो होतो."